धुवायला दिलेला रोल

स्लाइड फिल्म धुवायला देणं काय असतं हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. निगेटिव्हच्या रोलचं बरं असायचं, आपण कितीही माती खाल्ली तरी प्रिंट काढताना लॅबवाला थोडं उजळ थोडं गडद करून सांभाळून घ्यायचा आणि आपण उगाच कॉलर ताठ करून फिरायचो. स्लाइडला ती सोयच नाही. कॅमेऱ्यात होती तीच फिल्म पॉझिटिव्ह, म्हणजे खऱ्या रंगांतलं चित्र, होऊन परत येते, एक्स्पोजर जरा जास्त झालं की ढग पांढरेफटक, आणि त्यावर कुणाकडेही इलाज नाही.

प्रोसेसही नाजूक. ई-6 मध्ये, म्हणजे स्लाइड धुवायच्या पद्धतीत, पहिला डेव्हलपर 38 अंशांना साधारण 6 मिनिटं, तापमान अर्धा अंश जरी हललं तरी स्लाइडवर दिसतं, मग रिव्हर्सल, कलर डेव्हलपर, ब्लीच, फिक्सर अशी लांबलचक रांग. केमिकल नीट राहायला रोजचे रोल यायला हवेत, म्हणून कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये हे नसायचंच, तिथे निगेटिव्हचं सी-41 मशिन. मग काय, रोल कुरियरने मुंबईला आणि आपण वाट बघत बसायचं.

त्यात लॅबच्या पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं असायचं की रोल हरवला किंवा खराब झाला तर बदल्यात तेवढाच कोरा रोल मिळेल. म्हणजे आपण अंधारात राजगड चढायचा, सुवेळा माचीवर कुडकुडत सूर्याची वाट बघायची, आणि भरपाई काय तर कोरा रोल! घ्या!

कापाकापीची भीती वेगळीच. धुतलेला रोल लॅबमध्ये एकेक फ्रेम कापून माउंटमध्ये, म्हणजे छोट्या चौकटीत, बसवतात. रात्रीचे फोटो असले की काळ्या फिल्मवर एक फ्रेम कुठे संपते ते कापणाऱ्याला दिसत नाही, माझ्या एका मित्राचा पौर्णिमेचा चंद्र असाच दोन माउंटमध्ये अर्धा अर्धा आला होता. तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये पाकिटावर मार्करने ठळक ‘कापू नये’, आणि तरीही कुणी कात्री लावलीच तर म्हणून रोलची पहिली फ्रेम भर उन्हातली, म्हणजे कापणाऱ्याला माप सापडतं.

कोडाक्रोम या कोडॅकच्या जुन्या स्लाइड फिल्मवाल्यांचे हाल तर विचारू नका. त्या फिल्ममध्ये रंग नसायचेच, ते लॅबमध्ये के-14 प्रोसेसमध्ये चढवायचे, आणि शेवटी शेवटी जगात हे करणारी एकच लॅब उरली, अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावची ड्वेन्स फोटो. फिल्म बनवणं 2009 मध्ये थांबलं आणि लॅबने रोल स्वीकारायची शेवटची तारीख ठेवली 30 डिसेंबर 2010. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरीला मिळाला होता, त्यातल्या काही फ्रेम त्याने आपल्या मुंबईतही काढल्या, अमिताभ बच्चन आहे त्यात. आणि एवढा मोठा फोटोग्राफर, पण तो रोल काही त्याने पोस्टात टाकला नाही, स्वतः पार्सन्सला घेऊन गेला. मला तर हे वाचून फार बरं वाटलं.

बॉक्स आला की प्रोजेक्टरबिजेक्टर नंतर, आधी ट्यूबलाइटखाली उभं राहून एकेक माउंट डोळ्यासमोर धरायचा. दोन इंची चौकोन, त्यात 24 बाय 36 मिलिमीटरचा तुकडा, तिरका केला की एक बाजू चकचकीत आणि दुसरी जराशी मॅट. आणि एक गंमत लक्षात घ्या, हाच तुकडा माचीवर होता! त्या दिवशीचा उजेड याच्याच अंगावर पडलेला. प्रिंटचं तसं नाही, प्रिंट बिचारी दुकानातच जन्मते. आई मात्र विचारायची, एवढ्याशा फोटोत दिसतं तरी काय रे?

मध्ये वाटलं होतं की संपलं हे सगळं, पण 2018 मध्ये कोडॅकची बंद पडलेली एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म परत आली आणि जुनी खाज पुन्हा सुटली. आत्ताही एक रोल धुवून परत येतोय, ट्रॅकिंगवर दिवसातून किती वेळा बघतो ते विचारू नका, बायको चिडलीये. परवापासून भिवंडीत अडकलाय.