पोच

मंगळवार, नाईटला निघण्याआधी

आज अर्ज दिला. मेट्रन मॅडमच्या हातात नाही, आवक विभागात. माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. क्लार्क म्हणाले, "सिस्टर, तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं की." तोंडी सांगून झालं होतं. "आपसात मिटवा", एवढंच उत्तर मिळालं.

माझ्या बोलण्याची नक्कल होते, चहाच्या वेळी मी आत गेले की गप्पा थांबतात, सुट्टी ऐनवेळी बदलते, सणाला नाईट माझीच. हे सगळं सोसलं. गावाकडून आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या मुलीच्या वाट्याला हे येतंच, असं सगळेच सांगतात. का यावं, ते कोणी सांगत नाही.

पण गेल्या आठवड्यातली सकाळ सोसण्यातली नव्हती. ऑपरेशनसाठी एका आजोबांना उपाशी ठेवायचं होतं. सकाळचं इन्सुलिन देऊ नका, असं डॉक्टरांनी रात्री फोनवर सांगितलं होतं. चार्ज देताना, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवताना, सीनियर सिस्टरनी मला हे सांगितलं नाही, फाईलमध्येही लिहिलं नाही. सुई भरण्याआधी मी आजोबांना विचारलं, "नाश्ता आला का?" ते म्हणाले, "पोरी, मला तर काही खायचं नाही म्हणून सांगितलंय." उपाशीपोटी ते इन्सुलिन गेलं असतं तर साखर कुठवर उतरली असती, या विचारानं अजून हात गार पडतात. सीनियर सिस्टर मात्र हसून म्हणाल्या, "विचारायचं ना मग!" माझ्यावरचा राग पेशंटपर्यंत पोचला तर तो आमच्या दोघींमधला मामला राहत नाही.

मैत्रीण म्हणाली, अंतर्गत समितीकडे जा. पण 2013 च्या कायद्यातली ती समिती लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी आहे. नुसतं वाळीत टाकणं, टोमणे मारणं, माहिती दडवणं तिच्या कक्षेत येत नाही. एवढ्या बायका ज्या क्षेत्रात राबतात, तिथे या रोजच्या छळासाठी वेगळा कायदा नसावा, याचा मला संताप येतो.

म्हणून साधा अर्ज. "त्रास देतात", "मुद्दाम करतात" असं काही लिहिलं नाही. तारीख, पाळी, बेड नंबर, कोण हजर होतं, काय बोललं गेलं, एवढंच. मागणीही एकच: चार्ज बेडजवळ उभं राहून द्यावा, लेखी द्यावा, दोघींच्या सह्या व्हाव्यात.

त्या सकाळी वॉर्डात मावशी होत्या. काल स्वतःहून म्हणाल्या, "माझं नाव घाला सिस्टर, मी ऐकलंय सगळं." त्या कंत्राटावर आहेत. मी नाव घातलं नाही. चौकशी बसली आणि तेव्हाही त्यांची तयारी असली, तर त्यांना विचारूनच सांगेन.

आज रात्री चार्ज त्याच सिस्टरांकडून घ्यायचा आहे. वही पिशवीत टाकली आहे. प्रत्येक बेडपाशी थांबून विचारणार, लिहिणार, सही मागणार.