पेले खेळला ते मैदान, मेस्सी दिसला नाही ते स्टेडियम

गीतांजली एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीहून सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला पोचते. बाहेर टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करण्यापेक्षा सरळ खाली मेट्रोत उतरा. हुगळीच्या पात्राखालचा बोगदा पाऊण मिनिटात संपतो, मग महाकरण आणि त्यापुढे एस्प्लनेड. डिसेंबर २०२५च्या शेवटी, मेस्सी येऊन गेल्यावर दोनेक आठवड्यांनी, आम्ही इथूनच चालायला सुरुवात केली.

कोलकात्यात ‘मैदान’ म्हटलं की एकच, फोर्ट विल्यमसमोरचं. जमीन लष्कराची, त्यामुळे क्लबांना पक्कं बांधकाम करता येत नाही. म्हणूनच शंभर वर्षांच्या क्लबाच्या कचेरीलाही लोक ‘तंबू’च म्हणतात. एस्प्लनेडहून राणी राशमणी अव्हेन्यूने निघालात की रेड रोड ओलांडून पंधरा-वीस मिनिटांत मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन कट्टर प्रतिस्पर्धी फुटबॉल क्लबांच्या मैदानांपाशी पोचता. ईडन गार्डन्ससमोर गोष्ठ पालचा पुतळा आहे, ती खूण धरा. अनवाणी खेळणारा हा बचावपटू पद्मश्री मिळालेला पहिला फुटबॉलपटू (१९६२). तंबूत शिरायचं तर गेटवर विचारा. सदस्य नसलात तर सोडतीलच असं नाही. मैदानातल्या कँटीनचा चिकन स्टू मात्र चुकवू नका. पातळ, मिरीचा, बटाटा-गाजर घातलेला, सोबत लोणी लावलेला टोस्ट. सकाळी जा.

समोरच्या ईडनवर आता फक्त क्रिकेट. पण २४ सप्टेंबर १९७७ रोजी पेले इथेच खेळला, न्यूयॉर्क कॉसमॉस या अमेरिकन क्लबाकडून, मोहन बागानविरुद्ध. आधी पाऊस झालेला, मैदान चिखलाचं. चिखलात चेंडू घरंगळत नाही, अडतो. जमिनीलगतचे छोटे पास अर्ध्यावर थांबतात आणि वळताना टेकूचा पाय घसरतो. चेंडूवर नाजूक हात फिरवावा तसा पाय फिरवणाऱ्या खेळाडूची त्यात पंचाईत होते, अंगाला अंग भिडवून खेळणाऱ्याचं फावतं. बागानचा गौतम सरकार पेलेच्या सावलीसारखा मागे. पेलेची एक फ्री किक गोलकीपर शिवाजी बॅनर्जीने अडवली. कॉसमॉसकडून कार्लोस अल्बर्टो आणि (पेनल्टीवर) किनालिया, बागानकडून श्याम थापा आणि हबीब, २-२. पेलेचा निरोपाचा सामना आठवड्यावर आला होता, १ ऑक्टोबरला.

आता यापुढचं बघा. चारच दिवसांनी बागानने ईस्ट बंगालला १-०ने हरवून आयएफए शील्ड ही कोलकात्याची जुनी स्पर्धा जिंकली. त्याच मोसमात आपल्या मुंबईच्या कूपरेजवरचा रोव्हर्स चषक आणि दिल्लीचा ड्युरँडही. तिन्ही एका मोसमात, असं आधी कुणालाच जमलं नव्हतं. याचं सगळं श्रेय पेलेला देणं भाबडेपणा ठरेल. संघ तगडा होता, प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी. पण पाहुणा आपल्या पोरांच्या अंगावर खेळला, हा फरक मोठा आहे.

एस्प्लनेडला परत येऊन मेट्रोच्या हिरव्या लाइनने ‘सॉल्ट लेक स्टेडियम’ स्टेशनला उतरा. सामन्याच्या दिवशी परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा, किंवा कार्ड घ्या. सुटल्यावर खिडकीपाशी उभं राहायलाही जागा नसते. स्टेडियमचं अधिकृत नाव विवेकानंद युवा भारती क्रीडांगण. २ सप्टेंबर २०११ला मेस्सी इथे अर्जेंटिनाचा कर्णधार म्हणून व्हेनेझुएलाविरुद्ध खेळला. ओतामेंदीच्या हेडरवर १-०. तो सामना होता.

१३ डिसेंबर २०२५ला सामनाच नव्हता, नुसतं दर्शन. घोळ कशामुळे झाला ते बाहेरून फेरी मारली तरी समजतं. हे वाडगं प्रचंड आहे, आणि आत मैदानाभोवती ॲथलेटिक्सचा ट्रॅक असल्याने पहिली रांगसुद्धा लांब पडते. बावीस खेळाडू विखुरलेले असतात तेव्हा ते चालून जातं. इथे बघायचा माणूस एकच, तोही साडेपाच फुटी, आणि त्याच्याभोवती पुढारी, पाहुणे, सुरक्षारक्षक, फोटो काढणारे यांचं कडं. हजारो रुपये मोजलेल्यांना त्यांच्या पाठी दिसल्या. तो लवकर निघून गेला, मग बाटल्या आणि खुर्च्या मैदानात आल्या. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर मात्र कार्यक्रम सुरळीत पार पडला. महाराष्ट्र सरकारच्या ‘महादेवा’ या फुटबॉल योजनेतली मुलं-मुलीही तिथे त्याच्यासोबत होती.

आणि याच सॉल्ट लेकवरची विक्रमी गर्दी कुणासाठी होती? १३ जुलै १९९७, फेडरेशन चषकाची उपांत्य फेरी, ईस्ट बंगाल ४, मोहन बागान १. भायचुंग भुतियाची हॅटट्रिक, प्रेक्षक १,३१,७८१. परदेशी पाहुणा एकही नव्हता! (त्या संध्याकाळी ईस्ट बंगालवाल्यांच्या घरोघरी इलिश, म्हणजे हिल्सा मासा, शिजला असणार. बागान जिंकलं की त्यांच्या चाहत्यांकडे कोळंबी.) आता खुर्च्या बसवल्यापासून क्षमता जवळपास निम्मी झाली आहे.

पुतळे बघायचे असतील तर उल्टाडांग्याहून विमानतळाकडे जाणाऱ्या बसने लेक टाउनला उतरा. घड्याळाचा मनोरा दिसला की पोचलात. २०१७मध्ये माराडोनाने स्वतः अनावरण केलेला त्याचा बारा फुटी पुतळा या भागात आहे, आणि मेस्सीचा सत्तर फुटी. अर्धा तास पुरे. सत्तर फुटांचा फोटो जवळून नीट येत नाही, व्हीआयपी रोडच्या पलीकडून काढा.

खरेदी एस्प्लनेडच्या मैदान मार्केटमध्ये. पुढे दहा नंबरच्या जर्स्या टांगलेल्या, चेंडू आत मागे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ४ नंबर घ्या, त्यापुढे ५ नंबर (घेर ६८ ते ७० सेंटीमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम). हाताने शिवलेला आहे का ते टाके किंचित ताणून बघा. नुसता चिकटवलेला स्वस्त चेंडू ओल्या मैदानात लवकर उकलतो. हवा तिथेच भरून मागा आणि व्हॉल्व्हवर थुंकीचं बोट लावा, बुडबुडा आला तर दुसरा घ्या. घरी भरताना सुई ओली करूनच घाला. कोरडी सुई आतल्या ब्लॅडरला भोक पाडते आणि मग दुकानदार बदलून देत नाही.