मागील बाकी

आजीची प्रार्थनेची वही म्हणजे खरं तर उधारीची वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, मधोमध दोऱ्यानं शिवलेली, वाणी गल्ल्याशेजारी ठेवतो तसली. पानावर तिनं एक उभी रेघ मारलेली. डावीकडे मागणं आणि तारीख, उजवीकडे उत्तर आणि तारीख. 'विहिरीला पाणी लागावे.' 'नातीचा टायफॉइड उतरावा.' (ती नात मी.) 'शेळी सापडावी.' 'पाळकसाहेबांच्या मुलीचे जमावे.' (पाळक म्हणजे आमचे धर्मगुरू.) शेळीचं उत्तर त्याच दिवशी आलेलं आहे. पाळकसाहेबांच्या मुलीला दोन वर्षं लागली.

31 डिसेंबरच्या रात्री आम्ही सगळे देवळात असायचो. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. पुण्यात आल्यावर हे मैत्रिणींना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. बारा वाजता घंटा व्हायची, सगळे एकमेकांना 'जय ख्रिस्त' म्हणायचे, आणि घरी आल्यावर स्वेटर न काढताच आजी वही घेऊन बसायची. उत्तर मिळालेली मागणी मागच्या पानांवर राहायची. न मिळालेली नव्या पानावर उतरवून घ्यायची, आणि वर ठळक अक्षरात लिहायची : मागील बाकी.

"बाकी कुणाची कुणाकडं गं आजी?" मी एकदा विचारलं.

"बाकी म्हंजे बाकी. झोप आता."

दरवर्षी पहिली ओळ एकच असायची. 'थोरला व धाकटा भाउ यांचे बोलणे व्हावे.' धाकटा म्हणजे माझे पप्पा. बांध कुणी किती कोरला यावरून दोघांचं बिनसलं होतं. बांध वीतभर, अबोला वर्षानुवर्षांचा. दोघं देवळात जायचे, प्रभुभोजनाला एकाच ओळीत गुडघे टेकायचे, पण मध्ये दोन माणसं ठेवून. 1993 पासून 2011 पर्यंत ती ओळ एकोणीस वेळा लिहिलेली आहे. मी मोजली आहे.

आजीची प्रार्थना ऐकायला फारशी गोड नव्हती. पहाटे साडेचारला गोणपाटाची घडी गुडघ्यांखाली घालून ती बसायची आणि देवाशी तक्रारीच्याच सुरात बोलायची. तिला शुभवर्तमानातली ती विधवा फार आवडायची, अन्यायी न्यायाधीशाचा उंबरा झिजवणारी. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायला आजीनं स्वतः कितीतरी हेलपाटे घातले होते, त्यामुळे ही गोष्ट तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ही बाई रोज येऊन मला जेरीस आणेल, असं तो न्यायाधीश शेवटी म्हणतो. तिथे शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकनं वापरलेल्या ग्रीक क्रियापदाचा शब्दशः अर्थ 'डोळ्याखाली ठोसा मारणे' असा आहे, हे मला फार पुढे कळलं. आजीला सांगायला हवं होतं. खूश झाली असती.

माझी प्रार्थना याउलट अगदी सभ्य. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीला निघताना मी मोठ्यानं प्रार्थना केली, "प्रभू, तुझी इच्छा असेल तरच, आणि नसेल तर काहीच हरकत नाही..." आजी भाजी निवडत होती. माझं आमेन व्हायच्या आधीच म्हणाली, "ही कसली रीत गं? ताट वाढायच्या आधीच हात आडवा धरून पुरे, पुरे म्हनतीस."

मी तेव्हा हसले. पण बोललेलं लागलं, कारण खरं होतं. माझं 'तुझी इच्छा' हे समर्पण नव्हतंच, ती आधीच घेतलेली माघार होती. मागितलंच नाही तर नाकारलं कोण जाणार? अपेक्षाभंगाचा विमा मी भक्तीच्या नावानं उतरवत होते.

येशू क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्रीचा, गेथशेमाने बागेतला प्रसंग त्या दृष्टीनं पुन्हा वाचला. हा प्याला टळून जावो, असं येशू आधी सरळ मागतो. 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे त्यानंतरचं. आणि हे एकदाच म्हणून तो मोकळा होत नाही. तिसऱ्यांदाही त्यानं तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असं मत्तय लिहितो. शिष्य तोवर झोपलेले. पहिलं वाक्य गाळून थेट दुसऱ्यावर येणं त्यालाही जमलं नाही, की त्यानं ते केलं नाही? प्रेषित पौलाचंही तसंच. शरीरातला काटा निघावा म्हणून त्यानं तीनदा विनंती केली, आणि उत्तर आलं, 'माझी कृपा तुला पुरे आहे.' इथेही 'पुरे' आहेच. पण ते वाढणाऱ्यानं म्हटलेलं आहे, जेवणाऱ्यानं नव्हे.

येशूनं शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत मात्र क्रम उलटा आहे. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' आधी, रोजची भाकर नंतर. मी हा मुद्दा अगदी वकिली थाटात आजीपुढे मांडला होता. ती म्हणाली, "मंग भाकर मागायची सोडली का त्यानं?"

देवळातल्या रविवारच्या शब्बाथ शाळेत आम्हाला जॉर्ज म्युलरची गोष्ट सांगायचे. इंग्लंडात ब्रिस्टलला त्यानं हजारो अनाथ मुलं सांभाळली, ती माणसांपुढे हात न पसरता, फक्त प्रार्थनेवर. तोही मागण्यांची आणि उत्तरांची नोंद ठेवायचा. 1844 च्या नोव्हेंबरात त्यानं पाच जणांच्या तारणासाठी, म्हणजे त्यांनी ख्रिस्ताकडे वळावं म्हणून, रोज प्रार्थना सुरू केली. पहिल्याचं उत्तर दीड वर्षानं आलं, दुसऱ्याला आणखी पाच वर्षं, तिसऱ्याला त्यानंतर सहा. दशकं उलटली तरी दोघं राहिलेच आहेत, हेही त्यानंच लिहून ठेवलं. म्हणजे मागील बाकी त्याच्याकडेही होती.

त्याचं चरित्र वाचून बळ घेतलेल्यांत आपल्या पंडिता रमाबाई. त्यांचं मुक्ती मिशन केडगावला, दौंडजवळच्या. आमच्या नगरचं केडगाव वेगळं. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींचं रोजचं धान्य मागत ही बाई जगली. आईवडील दुष्काळात गेलेले, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोच नवरा गेला. आणि शेवटी एकुलती एक मुलगी मनोरमा, 1921 साली, आईच्या हयातीतच. रमाबाई पुढच्या वर्षी गेल्या. तोवर बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. 'देवाची इच्छा' हे शब्द माझ्या तोंडी फार स्वस्त झाले की मला केडगाव आठवतं.

आजी 2012 च्या फेब्रुवारीत गेली. पेटीला पुढून एका बाजूनं थोरल्या काकांनी खांदा दिला, दुसऱ्या बाजूनं पप्पांनी. कबरस्तान जवळ नव्हतं. वाटेत दोघं एक शब्द बोलले नाहीत.

वही माझ्याकडे आली. मीही 31 डिसेंबरला बाकी उतरवते, माझी आणि तिची. तिची ओळ तिच्याच शब्दांत, तिच्याच ऱ्हस्व उकारासकट. मला तीत काही बदलावंसं वाटत नाही. आजीसारखं भांडायला अजून जमत नाही, पण हल्ली ताटावर हात आडवा धरत नाही.

गेल्या 31 तारखेला देवळातून आल्यावर पप्पा माझ्यासमोरच बसले होते. "काय लिहितेस?" म्हणाले. मी वही त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ वाचलं. पप्पांनी शाळेत छत्तीस वर्षं मराठी शिकवलंय.

"भाऊ दीर्घ असतो," ते म्हणाले. "शिक्षकाच्या मुलीनं असं लिहावं?"

माझ्या हातातलं पेन घेऊन त्यांनी तो उकार नीट केला. मग मागचं पान उलटलं आणि तिथलाही केला. मग त्याच्या मागचा. असं एकेक वर्ष दुरुस्त करत ते मागे मागे गेले. आजीच्या अक्षरापाशी पोचल्यावर थांबले, आणि पेनाला टोपण लावलं.