एक लांब, दोन तोकडे

माझ्या चुलतभावाला आमच्या घराण्याची वंशावळ हवी होती आणि ती बाबांनी १९९९ मध्ये घेतलेल्या कॉम्प्युटरच्या पोटात होती, एवढ्याच कारणासाठी परवा दुपारी मी ते धूड माळ्यावरून खाली उतरवले. मॉनिटर जोडला, बटण दाबले, पंखा घरघरला, आणि पडद्यावर काहीही न उमटता आतून आवाज आला : एक लांब, दोन तोकडे.

हा आवाज ज्यांनी त्या काळी ऐकला आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. आमच्या यंत्राच्या भाषेत त्याचा अर्थ डिस्प्ले कार्ड सापडत नाही असा होता. पडदाच नसल्यावर पडद्यावर तक्रार तरी कशी लिहिणार, म्हणून ते बिचारे मदरबोर्डवरच्या टीचभर स्पीकरमधून ओरडत असे. बाबांनी या आवाजांची एक यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली होती आणि रात्री कॉम्प्युटर सुरू करताना ते घरातल्या सर्वांना गप्प बसवीत. एखादा 'बीप' कुकरच्या शिट्टीखाली दडपला गेला, तर सगळे पहिल्यापासून करावे लागे.

त्यावरचा उपाय सर्वांना ठाऊक असलेलाच होता. दुरुस्तीला येणारा मुलगा खिशातून खोडरबर काढी, कार्डाच्या आणि रॅमच्या सोनेरी दातांवरून तो चार वेळा फिरवी, फुंकर मारी आणि सगळे जिथल्या तिथे दाबून बसवी. यंत्र सुरू होई. काय झाले होते, असे मी विचारले की तो म्हणे, "काही नाही ताई, चालू झालं ना?" माझा दुराग्रह म्हणा हवे तर, पण बिघाडाचे कारण कळल्याशिवाय दुरुस्ती झाली असे मी आजही मानत नाही. सगळे काढून परत लावले आणि चालले, यात मला समाधान कमी आणि हुरहुर जास्त वाटते. खोडरबरही चालला नाही, तर तो मुलगा गंभीर होऊन "फॉरमॅट मारावा लागेल" असे म्हणे, आणि मग घरात सुतकी शांतता पसरे.

कारण पूर्णपणे कळले असा प्रसंग त्या घरात एकदाच घडला. बाबांनी एका परिचिताकडून जुने मोडेम आणले होते. ते जोडल्यापासून विचित्र प्रकार सुरू झाला : इंटरनेटसाठी नंबर फिरवला की मोडेम किंचाळून जोडले जाई आणि नेमक्या त्याच क्षणी माऊसचा बाण पडद्यावर थिजे. आठवडाभर माऊसच्या पोटातला गोळा काढून धुतला गेला. मग बाबांनी डिव्हाइस मॅनेजर उघडून पिवळ्या उद्गारचिन्हाकडे बोट दाखवले आणि मला समोर बसवून कागदावर सोळा रेघा ओढल्या, शून्यापासून पंधरापर्यंत. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक अवयवाला प्रोसेसरला हाक मारण्यासाठी यांतली एकेक रेघ दिलेली असते, हे मला तेव्हा प्रथम कळले. शून्य घड्याळाची, एक कीबोर्डची, पाच बहुधा साउंड कार्डाची, सात प्रिंटरची. १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीत अशा आठच रेघा होत्या; १९८४ मध्ये आणखी आठ आल्या, पण त्या जोडण्यातच दोन क्रमांकाची खर्ची पडली. आमचा माऊस होता कॉम-१ या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या जागेवर, आणि मोडेम कॉम-३ वर, आणि या दोघांच्या वाट्याला पूर्वापार एकच रेघ आलेली, चौथी. दोघे एकदम हाक मारीत आणि एकाचीच ऐकली जाई.

बाबांनी कॅबिनेट उघडले. मोडेमच्या कार्डावर तांदळाच्या दाण्याएवढा काळा जंपर दोन पिनांवर टोपीसारखा बसला होता. आईचा भुवयांचा चिमटा न विचारता घेऊन मी तो उचलला आणि बाबांनी दाखवलेल्या पिनांवर बसवला. मोडेम कॉम-४ वर, म्हणजे तिसऱ्या रेघेवर गेले आणि माऊस मोकळा झाला. त्यानंतर जोडणी तुटली ती फक्त आत्या आतल्या खोलीतला फोन उचलीत म्हणून, आणि त्यावर जंपर नव्हता.

तर परवाही मी खोडरबर आणला. कार्ड घासून बसवले, पडदा उजळला, पण बंद यंत्रातही तारीख-वेळ जपणारा सीमॉसचा सेल केव्हाच मेलेला असल्यामुळे तारीख निघाली १ जानेवारी १९८०. सीआर-२०३२ हे त्या सेलचे नावच त्याचे माप सांगते : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडून तो आणला, तारीख भरली आणि विंडोज ९८ चे ढग तरंगत आले. समाधानाने मी झाकण लावले, चारही स्क्रू आवळले आणि बटण दाबले. एक लांब, दोन तोकडे. झाकण काढले, सुरू. पुन्हा लावले, पुन्हा तोच टाहो. पत्रा कार्डाला कुठेतरी रेटत असावा, परंतु मी टॉर्च घेऊन तासभर पाहिले आणि तो कुठेही टेकलेला दिसला नाही.

शेवटी झाकण भिंतीशी उभे केले आणि वंशावळ उघडली. हे विंडोज पेनड्राइव्हला वेगळ्या ड्रायव्हरविना ओळख देत नाही, फ्लॉपी वाचणारे दुसरे यंत्र घरात नाही, म्हणून मी पडद्याचेच मोबाइलवर फोटो काढले आणि चुलतभावाला धाडले. दहा मिनिटांत त्याचा फोन आला. पणजोबांबद्दल एक अक्षर न विचारता तो म्हणाला, "फोटोत हे आडवे काळे पट्टे कसले?" जुन्या मॉनिटरवरचे चित्र वरून खाली ओळीओळीने सतत नव्याने रंगवले जाते आणि कॅमेऱ्याचा वेग त्याच्याशी जुळत नाही, हे कारण मला पक्के ठाऊक होते, त्यामुळे मी त्याला अर्धा तास फोन ठेवू दिला नाही.