मीटरवर लक्ष

परवा दुपारी टॅक्सीत बसलो आणि नजर सवयीने मीटर शोधायला लागली. भाडं फोनवर आधीच ठरलं होतं, तरी. मग सबंध वाटभर मला काही उद्योगच उरला नाही.

लहानपणी टॅक्सी म्हणजे चैन. त्या चैनीत माझ्याकडे एक खातं होतं, मीटरवर लक्ष ठेवायचं. बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी, आई मागे मांडीवर पर्स घेऊन, आणि मी पुढच्या सीटवर हनुवटी टेकून उभा. ड्रायव्हरने हात लांब करून पाटी पाडली की आत टिकटिक सुरू व्हायची. आकडा आधी जरासा थरथरायचा, खालचा डोकं वर काढायचा आणि मग खट्! मी ओरडून जाहीर करायचो. आई "हळू!" म्हणायची आणि मनातल्या मनात हिशेब करायची. खरी परीक्षा सिग्नलला. गाडी जागची हलत नाही, आकडा मात्र पुढे. नुसतं उभं राहण्याचेही पैसे पडतात, हे मी तिथे शिकलो. अशा वेळी बाबा सहज विचारल्यासारखं विचारायचे, "इकडून जवळ पडतं का हो?" ड्रायव्हरही तितक्याच सहजपणे म्हणायचा, "तिकडे रस्ता खोदलाय." पुढे दोघंही गप्प.

हे मीटर जर्मनीतल्या फ्रीडरिश ब्रूनने १८९१ साली काढलं. तेव्हा भाड्याच्या गाड्यांना घोडेच होते. गिऱ्हाइकाचा गाडीवानावर भरवसा नाही आणि गाडीवानाचा गिऱ्हाइकावर, हे सरळ मान्य करून मध्ये एक पंच बसवला. मला यात मोठा प्रामाणिकपणा दिसतो. (आज कौतुकाने दाखवतात त्या विजेच्या टॅक्सीही जुन्याच. लंडनमध्ये त्या १८९७ साली धावल्या आणि दोनेक वर्षांत गाशा गुंडाळून गेल्या.)

आता निकाल खेळाआधीच लागलेला असतो. पावसाची सर आली की भाडं चढतं, पण चढताना दिसत नाही. तक्रार करावी तर ड्रायव्हर म्हणतो, "साहेब, आकडा मी कुठे ठरवतो?" खरंच आहे त्याचं. आम्ही दोघं एकाच बाजूला येऊन बसलोय, आणि समोर कुणीच नाही.

अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये तर २०२० पासून ड्रायव्हरशिवायच्या टॅक्सीत कुणालाही बसता येतं. स्टिअरिंग आपलं आपण फिरतं म्हणे. तिथे "इकडून जवळ पडतं का हो?" कुणाला विचारायचं?

हे सगळं बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "मग गाडीत झोप काढ की!"

काढीनही.