खुर्ची कुठे ठेवली होती

"गुर्जी, थे सिनेमाचे पुरस्कार आधीच ठरले रायते ना?"

हे मला पानठेल्यावर विचारलं गेलंय, लग्नाच्या पंगतीत विचारलं गेलंय, एकदा तर मौतीला गेलो होतो तिथेही. कारण एवढंच, की मी शाळामास्तर होतो आणि तालुक्यातल्या नाट्यस्पर्धांना बरीच वर्षं परीक्षक म्हणून बसलो. 2025 च्या ऑगस्टपासून तर विचारणारे वाढलेत. 71 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेता म्हणून दोन नावं निघाली, 'जवान'साठी शाहरुख खान आणि 'ट्वेल्थ फेल'साठी विक्रांत मॅसी. आमच्या गावच्या अभ्यासिकेत बसणारी पोरं स्वतःच स्पर्धा परीक्षेचे तीन-तीन अटेम्प्ट देऊन थकलेली. पडद्यावर तेच सोसणारा विक्रांत त्यांना घरचा वाटतो. "अर्धंच बक्षीस काहून जी त्याले?" म्हणून माझ्यावरच रागावली. जसं काही मीच दिलं.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ठरलेले असतात का? एखादा असतोही. 'बॉबी'साठी मिळालेला फिल्मफेअर पुरस्कार आपण 30,000 रुपये मोजून घेतला, असं खुद्द ऋषी कपूरनेच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. उलट टोकाला प्राणसाहेब. 'पाकीझा'च्या संगीताला डावललं म्हणून त्यांनी 'बेईमान'साठी मिळालेलं स्वतःचं बक्षीस नाकारलं. पण पैसे मोजलेल्या बक्षिसाबद्दल बोलायला काय लागतं? माझ्या मनातून जात नाही ते दुसरंच, आणि ते माझ्या हातून झालंय.

आमच्याकडे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, धान चुरून झालं की मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू होतात आणि रात्रभर नाटकं. अशाच एका जानेवारीत गावच्या मंडळांची स्पर्धा होती, परीक्षक आम्ही तिघं. मानाच्या खुर्च्या म्हणून आम्हाला बाजूला, जरा उंचावर बसवलं. जनरेटर आमच्या पाठीशी. रात्री अडीचला शेवटचं नाटक लागलं. त्यात एक जण बापाचं काम करत होता. पोरगी पळून गेलीय, आणि हा सुपात धान पाखडत बसलाय. आवाज चढवत नाही, हात थांबवत नाही. टांगलेला माइक त्याच्यापासून दूर आणि माझ्या कानात जनरेटर. त्याचं निम्मं बोलणं मला आलंच नाही. कानटोपी वर सरकवून बघितली, तरी नाही. 'वाचिक अभिनय' या रकान्यात मी दहापैकी चार लिहिले.

त्याच्या आधीच्या नाटकातला दारुडा मात्र स्टेजभर लोळला होता. पब्लिक लोटपोट. शिवाय बेरीज करताना दुसरे परीक्षक म्हणाले, "त्या गावाला तीन वर्षं काही नाही गेलं, नाराज होतील." मी मान डोलावली. पहिलं बक्षीस दारुड्याला.

महिन्याभराने तेच नाटक मी दुसऱ्या गावी पाहिलं, स्टेजच्या पायथ्याशी तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, बसून. बाप पाखडता पाखडता पोरीचं लहानपणीचं नाव घेत होता. हळू, सुपातल्या धानालाच सांगितल्यासारखं. माझ्या शेजारच्या बाईने पदर तोंडात धरला होता. मी तर वर पाहणंच टाळलं.

कुणी एक रुपया दिला नव्हता हो! खुर्ची चुकीच्या जागी होती, आणि एका गावाची थकबाकी चुकवायची होती.

हीच थकबाकी ऑस्करलाही असते असं माझं मत. हॉलिवूडचा अल पचिनो सहा वर्षी नामांकनात येऊन रिकाम्या हाताने परतला; मग 1993 ला 'सेंट ऑफ अ वूमन'साठी त्याचं खातं मिटवलं. त्याच यादीत 'माल्कम एक्स'चा डेन्झेल वॉशिंग्टन होता. त्याचा हप्ता 2002 मध्ये, 'ट्रेनिंग डे'ला. शाहरुखचंही तसंच असावं, पोरांनो. 'स्वदेस'च्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार 'हम तुम'साठी सैफ अली खानला गेला होता, आणि त्याची आई तेव्हा सेन्सॉर बोर्डाची अध्यक्ष म्हणून तोंडं वाजली होती. 'स्वदेस'चं देणं 'जवान'मध्ये फेडलं की काय, कोण जाणे.

आता आपल्या वीरा साथीदारांचं घ्या. नागपूरचा कार्यकर्ता, 'विद्रोही' या नियतकालिकाचा संपादक. 'कोर्ट'मधला शाहीर नारायण कांबळे त्यांनी असा उभा केला, की आरोपीच्या पिंजऱ्यात ते नुसते उभे असले तरी नजर हलत नाही. 'कोर्ट' त्या वर्षीचा देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. अभिनयाचं बक्षीस मात्र एका कन्नड सिनेमासाठी विजय नावाच्या नटाला. 2021 मध्ये कोरोनाने वीराभाऊ गेले. मी कितीतरी दिवस "आपल्या माणसावर अन्याय झाला" म्हणत फिरलो. मग एका पोराने विचारलं, "गुर्जी, थो कन्नड सिनेमा पायला का तुमी?"

नव्हता पाहिला. अजूनही नाही. म्हणजे मी पुन्हा जनरेटरपाशीच बसलो होतो!

राष्ट्रीय पुरस्कारात निदान समितीला सिनेमा दाखवतात. निर्मात्याने अर्ज भरून पाठवायचा, मग प्रादेशिक समित्या चाळतात, मग केंद्रीय समिती. अर्जच गेला नाही तर नटाने जीव काढला तरी उपयोग नाही. ऑस्करचं ऐकाल तर हसाल. अंतिम मत द्यायचं तर त्या विभागात नामांकन मिळालेले सगळे सिनेमे पाहिलेले हवेत, हा नियम त्यांनी 2025 मध्ये केला. पुरस्कार सुरू झाले 1929 ला.

आमच्या झाडीपट्टीतले रंगकर्मी परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. हजारो प्रयोग झाल्यावर. तोवर त्यांना पाहणारे कोण, तर तिकीट काढून तणसावर बसणारे आमचेच लोक.

तो बापाचं काम करणारा अजून नाटकात आहे. मार्कांचं त्याने मला कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मागच्या मंडईत मी प्रेक्षक म्हणून गेलो, तर आयोजकांनी धावत खुर्ची आणली, पुन्हा तिथेच बाजूला. तो अर्ध्या मेकअपमध्ये विंगेतून डोकावला आणि स्टेजखालच्या तणसाकडे बोट दाखवून म्हणाला, "गुर्जी, तिकडं नोका बसू. इथं या, इथं आयकू येते."