उत्तर न येणे आणि नकार येणे

पडद्यावर ‘कम्युनिकेशन एरर’ उमटले की बहुतेकांचा हात आधी केबलकडे जातो. मी त्याआधी एकच गोष्ट पाहतो: कंट्रोलरकडून (यंत्र नियंत्रित करणाऱ्या उपकरणाकडून) उत्तरच आले नाही, की उत्तर आले आणि त्यात नकार होता? या दोन बिघाडांची मुळे वेगवेगळ्या ठिकाणी असतात. पुष्कळ एचएमआय (यंत्र चालवणाऱ्यासमोरचे पडदे) मात्र दोन्हींसाठी तोच एक संदेश दाखवतात, आणि ही मला खरोखर चुकीची पद्धत वाटते.

मॉडबस आरटीयूमध्ये, म्हणजे अशा उपकरणांच्या आपसातल्या संदेशांच्या एका प्रचलित पद्धतीत, समजा ५ क्रमांकाच्या कंट्रोलरकडे ०३ फंक्शनने (वाचण्याच्या आज्ञेने) एक रजिस्टर (आकडा साठवण्याची जागा) मागितले आणि ०५ ८३ ०२ असे उत्तर आले. ०३ मध्ये हेक्साडेसिमल ८० मिळवले की ८३ होतात, म्हणजे विनंती नाकारली गेली. ०२ चा अर्थ असा की मागितलेला पत्ता त्या कंट्रोलरमध्ये नाही. एवढे उत्तर परत आले याचाच अर्थ वायरिंग, बॉड रेट (संदेशाचा वेग), पॅरिटी (चूक ओळखणारा जादा बिट) आणि स्लेव्ह क्रमांक (कंट्रोलरचा क्रमांक) हे सगळे बरोबर आहे. अशा वेळी केबलला हात लावू नये, रजिस्टरचा तक्ता उघडावा. मॅन्युअलमधले ४०००१ हे प्रत्यक्ष फ्रेममध्ये (तारेवरून जाणाऱ्या संदेशात) ० असते आणि त्या एका अंकाच्या फरकाने पुष्कळदा एररसुद्धा येत नाही, शेजारचे रजिस्टर वाचले जाते. चालू तापमानाच्या जागी सेटपॉइंट (ठरवून दिलेले तापमान) दिसत राहणे हे एररपेक्षा कितीतरी घातक आहे.

टाइमआउटचे, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तरच न येण्याचे, तसे नाही. पॅरिटी जुळली नाही किंवा सीआरसी (संदेशाच्या शेवटचा तपासणीचा आकडा) चुकला, तर कंट्रोलर तक्रार न करता फ्रेम टाकून देतो, त्यामुळे चुकीचे सेटिंग, तुटलेली तार आणि विद्युत गोंगाट हे तिन्ही मास्टरला (विनंती पाठवणाऱ्या उपकरणाला) सारखेच दिसतात.

एका भट्टीच्या पॅनेलवर आठ तापमान कंट्रोलर एकाच आरएस-४८५ केबलवर (ए आणि बी अशा दोन तारांवरून संदेश नेणाऱ्या) होते आणि ब्लोअरची ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे उपकरण) सुरू झाली की शेवटचे तीन अधूनमधून गप्प होत. टाइमआउट वाढवला, बॉड रेट १९२०० वरून ९६०० वर आणला. एरर कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत, आणि त्यात दोन दिवस गेले. शेवटी सगळ्यांचा वीजपुरवठा बंद करून ए आणि बी तारांमधला रोध मोजला. पुरवठा चालू ठेवून केलेल्या मोजणीवर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून ही पायरी मी कधीच गाळत नाही. दोन्ही टोकांना १२० ओमचा एकेक टर्मिनेटर (सिग्नल टोकावरून परत उसळू नये म्हणून लावलेला रोध) असेल तर मीटरवर सुमारे ६० यायला हवेत. एकच असेल तर १२०. मीटरवर ४० आले, म्हणजे कुठेतरी तिसरा टर्मिनेटर होता. तो चौथ्या जागेवर, नुकत्याच बदललेल्या कंट्रोलरमध्ये सापडला, कारण त्याचा टर्मिनेशनचा डिप स्विच चालूच राहिला होता. आरएस-४८५ चे ड्रायव्हर ५४ ओमच्या भारावर किमान १.५ व्होल्ट देतील असे आखलेले असतात. रोध त्याहून कमी झाला, म्हणजेच भार वाढला, की सिग्नल खचतो, शिवाय मधल्या टर्मिनेटरमुळे परावर्तन होते, आणि ड्राइव्हच्या गोंगाटापुढे तग धरायला फारसे काही उरत नाही.

स्विच बंद केला, मीटरवर ६१ आले, बॉड रेट पुन्हा १९२०० केला आणि ब्लोअर चालू असताना आठही कंट्रोलर उत्तर देऊ लागले. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला तो ६१ चा आकडा आणि तारीख मी मार्करने लिहून ठेवली.